थंड इंजिनाचा गुन्हेगार

पौषातल्या थंडीत नासिरच्या ट्रकचे इंजिन तापेना. चढावर ताकद लागेना, धूर मात्र भरपूर निघे. कोचिंग क्लासची बाके संध्याकाळपर्यंत देगलूरला पोचली नाहीत, तर पुढच्या खेपा दुसऱ्याला जाणार होत्या. लातूरच्या शहेबाज उस्तादांनी इंजिन उघडून निकाल दिला, "कुण्या अडाण्यानं थर्मोस्टॅटच काढून टाकला. पाणी तापायच्या आधीच रेडिएटरकडं पळून राहिलं." वैशाखात इंजिन तापते म्हणून तो भाग उस्तादांनीच स्वहस्ते उपटून भंगारात भिरकावला होता, हे नासिरला स्वच्छ आठवत होते; परंतु चूक दाखवणाऱ्याला उस्ताद, थोर आचार्यांप्रमाणेच, पुन्हा दारात उभे करीत नसत. "हाव उस्ताद, लई अडाणी असंल." "कोण होता?" नासिरने तोंडाला आले ते गाव ठोकून दिले. "अहमदपूरचा कुणीतरी मिस्त्री." उस्तादांचा पाना हवेतच थांबला, मग त्यांची मुद्रा उजळली. "अहमदपूरचा? मग तो माझ्याच हाताखाली शिकला असंल."