बंब पाण्यात

भोंगा वाजला तेव्हा बेकरीवालीच्या एका हातात पाव होता आणि दुसऱ्यात गिऱ्हाइकाची पिशवी. दोन्ही तसंच फळीवर टाकून ती ॲप्रनसकट पळत सुटली.

बेटाचं अग्निशमन दल म्हणजे अकरा माणसं, एक बंब आणि पत्र्याचं गॅरेज. पगारी कुणीच नाही. भोंगा वाजला की जो तो हातातलं काम टाकून धावतो. दलाचे प्रमुख म्हणजे शाळेचे मास्तर. ते दारातच हेल्मेटचा पट्टा बांधत उभे होते, बोटांना खडू तसाच.

"वहिनी, ड्रायव्हर सकाळच्या बोटीने पलीकडे गेलाय, दाढ काढायला. गाडी तुम्हाला चालवायचीय."

सगळं बेट तिला वहिनीच म्हणायचं.

"मी? मास्तर, शाळेच्या मैदानाबाहेर काढलेली नाही हो मी ती अजून!"

"मग आज काढा. होड्यांची शेड पेटलीय."

चावी फिरवली आणि बंब असा काही गुरगुरला की तिच्या अंगावर काटा आला. वळणावर आरसा भिंतीला घासता घासता वाचला. मागे लटकलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "वहिनी, आग विझवायचीय, आम्हाला नाही!" ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. पण घंटा घणघणत होती, रस्त्यावरची माणसं पटापट बाजूला होत होती, आणि त्या भीतीच्या तळाशी तिला चक्क आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

किनाऱ्यावर शेड धडाडून पेटली होती. लाकूड, रंग, रोगण, सगळं आयतंच. वीस पावलांवर मच्छीमारांच्या डिझेलची टाकी आणि टाकीला लागून घरं. म्हाताऱ्या सुताराला दोघांनी धरून ठेवलं होतं.

"सोडा मला! आत माझी होडी आहे!"

"काका, होडी पुन्हा बनवता येईल," दवाखान्यातली नर्स त्याचा दंड न सोडता म्हणाली, "तुम्हाला कोण बनवणार?"

बंबातलं पाणी आठ मिनिटं पुरलं. ज्वाळा जरा कुठे खाली बसत होत्या तोच वारा फिरला आणि धूर सरळ टाकीवर गेला. समोर अख्खा समुद्र पसरलेला, पण ओहोटीमुळे पाणी पार लांब. पाणी खेचायचा पाइप तिथवर पोचेना. दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखल. मधे फक्त होड्या पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार.

"मास्तर, मी मागे घेते. उतारावरून, थेट पाण्यापर्यंत."

"शेवाळ आहे त्यावर. घसरली तर गेली. आपल्याकडे दुसरी नाही."

"आणि टाकी उडाली तर हिचं काय लोणचं घालायचंय?"

मास्तरांनी एकदा धुराकडे पाहिलं. "घ्या."

सुताराचं ओरडणं थांबलं. त्याने दोन्ही दंड सोडवून घेतले, पण शेडकडे गेला नाही. उताराशी पडलेल्या दोन जाड पाचरी उचलल्या आणि बंबाच्या मागे जाऊन उभा राहिला.

"वहिनी, आगीकडे बघू नका. माझ्या हाताकडे बघा. या... या... जरा डावीकडे. या!"

आरशात तो एकच हात. ती इंच इंच मागे येत होती. मधेच मागचं चाक सुर्रकन घसरलं. त्याच क्षणी धाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली. सुताराने पाचर सारली होती. मग दुसरी.

"पाइप टाका!"

पाइप पाण्यात पडला. पंप घरघरला, खोकला, नुसती हवाच ओढत राहिला. समोरच्या दाबमापकाच्या काट्याने जागा सोडली नाही. ती काट्याकडे बघत पुटपुटली, "चल ना गं बाई, चल." आणि काटा टणकन उडाला. जमिनीवर पडलेली नळी फुगत फुगत वर धावली. तोंडाशी उभे असलेले दोघे उताणे होता होता सावरले.

"आलं! पाणी आलं!"

"मारा!" खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ती ओरडली. "समुद्र संपेपर्यंत मारा!"

पाऊण तासाने आग विझली. टाकीच्या रंगाला फोड आले होते, पण टाकी उभी होती, घरं उभी होती. शेड गेली. होडीही गेली.

तोवर भरती लागली आणि बंबाची मागची चाकं अर्धी बुडाली. पुढे घ्यायला जावं तर ती शेवाळावर नुसतीच गरगरत होती. मग दोर आले. मच्छीमार आले, दुकानदार आले, मास्तरांचा सगळा वर्ग आला. ती पहिल्या गियरमध्ये, पुढे दोराला शंभर हात, आणि सुतार खणखणीत आवाजात, "एक... दोन... ओढाऽऽ!"

गाडी निथळत वर आली तेव्हा झालेला गलका पलीकडच्या किनाऱ्यावरही ऐकू गेला असेल. ती खाली उतरली. हसू काही केल्या थांबत नव्हतं.

सुतार बंबाभोवती एक फेरी मारून आला. ओल्या पत्र्यावर त्याने तळवा टेकवला.

"चाळीस वर्षं इथून होड्या सोडतोय," तो म्हणाला. "चाकांवरची ही पहिलीच."

मग तो शेड होती तिथे गेला, राखेतून विझलेला कोळसा उचलून आणला. "एकदा पाण्यात उतरली की तिला नाव लागतं." बंबाच्या लाल दारावर त्याने सावकाश लिहिलं: वहिनी.

मास्तर हात मागे बांधून जवळ आले, वाकले, वाचलं.

"अक्षर जरा मोठं काढा," ते म्हणाले. "समुद्रावरून दिसायला हवं."