मागं पाहाचं नाही

कौशल्यानं उतारा तिवाठ्यावर मधोमध ठेवला. द्रोणात कुंकवाचा भात, वर लिंबू. दिवेलागणीला हिवरखेडात माणसं तिवाठ्याकडं फिरकत नाहीत. इथं मंत्र खरोखर लागू पडतात. जो उतारा ओलांडील, त्याला दुखणं चिकटतं.

चिकटो बापडं! हलीमाबीच्या मोहल्ल्याकडचा तिवाठा तिनं मुद्दामच निवडला होता.

तिची आचल पोळ्यापासून मुकी होती. कॉलेजात भाषणं ठोकणारी पोरगी आता मोबाइलवर लिहून पाणी मागायची. आधी कौशल्या हलीमाबीकडंच गेली होती. म्हातारीच्या हाताला गुण होता, पण रीत भलतीच.

"आमच्यात दुखणं फेकत नाही बाई, वाटून घेतो," हलीमाबी म्हणाली. "पोरीसमोर बस. तिचा हात धर, नजर हटवू नको. तिचा आवाज येईन, अन् तुहा अर्धा जाईन."

अर्धा! गावच्या भजनात पहिली ओळ कौशल्याच उचलायची. ती उठली ती थेट नत्थुजी भगताच्या ओट्यावर.

नत्थुजीचं काम रोकठोक. "दुखणं काढाचं, दूर नेऊन टाकाचं. टाकलं की मागं पाहाचं नाही. वापस दुसऱ्या रस्त्यानं याचं. दुखणं लय चालाख असते, लेकीच्याच आवाजात हाक मारते. पाह्यलं का गेलं सारं."

हे तिला पटलं. टाकून मोकळं व्हायचं, यात न पटण्यासारखं काय आहे?

आता ती नाल्याकडच्या रस्त्यानं घरी निघाली. थोडी चालली असेल, तोच मागून हाक आली.

"आई!"

आचलचाच आवाज. तसाच, जरासा घोगरा. किती महिने या एका हाकेसाठी कौशल्याचा जीव तुटत होता!

"आई, थांब ना वं! मले—"

आवाज मधेच तुटला. कौशल्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला अन् झपाझप चालत राहिली. स्वतःचा एवढा अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता.

घराचं दार सताड उघडं होतं. आत आचल नव्हती. ती मागाहून आली, अनवाणी, धापा टाकत.

"कुठी गेलती वं? बोल माय, बोल! दुखण्यानं तुह्याच आवाजात हाका मारल्या, पण म्या नाही पाह्यलं मागं!"

आचलचे ओठ नुसतेच हलले. उंबऱ्यावर तिचं पाऊल उमटलं. लालभडक, भाताची शितं चिकटलेलं.

तिनं मोबाइलवर काहीतरी लिहिलं अन् आईसमोर धरलं.

"आवाज आला होता आई. तुलेच सांगाले धावत आलती."