शिंग वाजेपर्यंत

डोक्यावरून तोफेचा गोळा गेला की भालेकऱ्यांची अख्खी रांग वाकायची. "मुजरे कसले करताय? तो काय सरदार आहे?" जमादार खेकसायचे. स्वतः मात्र ताठ उभे. ठरलं एवढंच होतं, शत्रूचं घोडदळ आलं की जमादार शिंग फुंकतील, मग सगळ्यांनी मागच्या ओढ्यात उड्या टाकायच्या.

धुरात हाताचा पंजा दिसेना. टापांनी जमीन हादरू लागली, तेव्हा भाला रोवून रायाजी शिंगाची वाट बघू लागला. शिंग वाजेना. हुकमाशिवाय हलायचं कसं, म्हणून बाकीचेही शिव्या देत उभेच. धुरातून घोडे आले, समोर भाल्यांचं कुंपण बघून बिचकले आणि स्वारांचं न ऐकता माघारी वळले.

धूर विरल्यावर जमादार सापडले. मुठीत शिंग होतं, धडावर डोकं नव्हतं. शेवटच्या गोळ्यालाही ते वाकले नव्हते.

संध्याकाळी सरदारांनी विचारलं, "घोडदळापुढे पाय रोवून उभे राहिलात. एवढी हिंमत आणली कुठून?"

"शिंग वाजलं नाही, सरकार," रायाजी म्हणाला.

सरदार हसले आणि त्याच्या खांद्यावर शेला टाकला. मुजऱ्याला रायाजी वाकला, तो बराच वेळ सरळ झालाच नाही.