बाप बोलवतो

महादूची होडी परत आली नाही, तेव्हापासून त्याच्या बायकोने, मंजुळेने, दर्याचं नाव घेणं सोडलं. कोळ्यांचा दर्या म्हणजे बापच, म्हणून ती त्याला नुसतं 'बाप' म्हणायची.

ती जेवेना, बोलेना. शेवटी सासूने तिला घिवलीहून बोईसरला नेलं आणि एसटीडी बूथवरून मुंबईच्या मनाच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

"सांज झाली का बाप हाका मारतो, डॉक्टर," मंजुळा रिसिव्हरला म्हणाली. हे तिने सासूलाही सांगितलं नव्हतं. "जीव तिकडंच ओढतो. काय करू?"

"अहो, मग जा ना बापाकडे. कुणी अडवलंय? तिथे मन शांत होईल."

ती बाहेर आली. सासूने घाईघाईने विचारलं, "काय म्हनाले गो?"

कित्येक महिन्यांनी मंजुळा हसली, तसा म्हातारीचा जीव भांड्यात पडला.



"जा म्हनाले."