विहिरीचं तोंड

"हाच तो खुनी!" प्रियतोष भादुडींनी मोफिजुलच्या पाठीवर थाप मारली आणि बसमधून उतरलेली चाळीस माणसं खदखदून हसली.

माणसं कोलकात्याची. पहाटे लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या आणि आलूदम चेपून निघालेली, वाटेत दोनदा संदेश मिठाई खाल्लेली, आणि आता कांठालियाच्या राजबाडीसमोर, जुन्या राजवाड्यासमोर, उभं राहून एकमेकांना ॲसिडिटीच्या गोळ्या वाटणारी. ऊन चांगलं कोवळं पडलं होतं, तरी निम्म्यांच्या डोक्यांवर माकडटोप्या होत्या. प्रत्येकाच्या हातात भादुडीबाबूंची कादंबरी. विनोदी खूनकथा. सहलीला आलेला एक लठ्ठ व्यापारी राजबाडीच्या विहिरीत मरून पडतो, गळ्याभोवती गमछा आवळलेला, आणि खुनी निघतो तो तिथला गाइड. पानाच्या पिचकाऱ्या टाकणारा, सनावळ्या चुकवणारा, टिनपाट माणूस. नाव मफिजुल. 'मो'चा 'म' करण्याएवढे कष्ट लेखकाने घेतले होते. आज प्रकाशकाने वाचकांची सहल काढली होती, खुनाची जागा बघायला.

खरा मोफिजुल पान खात नसे. इथल्या गाइडगिरीच्या बावीस वर्षांत त्याचा एकही सन चुकला नव्हता. पण चुकला नाही हे कळायला आधी ऐकावं लागतं.

"भाई, गमछा गळ्याभोवती धर ना माझ्या! आवळतोयस असा!" एक बाई म्हणाली. मोफिजुलने धरला. मग पुढची बाई. मग तिचा नवरा.

फोटो उरकल्यावर त्याने भादुडीबाबूंना खांबाआड गाठलं.

"बाबू, एक विनंती होती. पुढच्या छपाईत नाव तेवढं बदला. माझी पोरगी आठवीत आहे. वर्गात मुली विचारतात, आज अब्बानं कुणाला ढकललं? आठ दिवस झाले, शाळेत जात नाही."

भादुडीबाबूंनी तोंडातला संदेश आधी गिळला. "अरे, गंमत असते ती! एवढं मनाला लावून घेतात का? तुला अमर केलंय मी." आणि मागे वळून ते ओरडले, "ऐकलंत का? खुनी म्हणतोय, नाव बदला!"

पुन्हा हशा. भादुडीबाबूंची बायको केतकी तेवढी हसली नाही. ती खांबावरची नक्षी बघत होती.

"चल, विहीर दाखव आता," भादुडीबाबू म्हणाले.

आतल्या चौकात मोफिजुलने लाकडी झाकण सरकवलं. सगळे वाकले. सहलीतले कुंडूबाबू बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते गुडघ्यावर बसले आणि विहिरीचं तोंड वितीने मोजू लागले.

"दोन वीत. फार तर सव्वादोन. आणि पुस्तकात प्रेत अडीच मणाचं. भादुडीबाबू, गेलं कसं हो आत?"

"कसं म्हणजे? स्वतः बघून लिहिलंय मी."

सगळ्यांनी मोफिजुलकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच, काही ऐकण्यासाठी.

"बाबू पुस्तकासाठी बघायला आले त्या दिवशी व्हरांड्यातच बसून होते," तो म्हणाला. "गुडघा धरला होता त्यांचा. आत विहीर आहे, एवढं मी सांगितलं."

"आता हा शिकवणार मला!" भादुडीबाबू लाल झाले. "चांगला धडधाकट माणूस आरामात जातो. हे बघा." ते काठावर बसले आणि त्यांनी पाय आत सोडले.

"अहो दादा, खोल असेल!" कुणीतरी किंचाळलं.

"गाळाने भरलीय," मोफिजुल म्हणाला. "बुडायला होत नाही."

पाय गेले. कंबर गेली. पोटापाशी भादुडीबाबू थांबले. खाली सरकेनात, वरही येईनात. दोन्ही हात काठावर टेकून ते फुगलेल्या लुचीसारखे बसून राहिले. मग फोन बाहेर निघाले.

"फोटो काय काढताय? हात द्या!"

पण कुणाचा हात रिकामा नव्हता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुस्तक.

शेवटी मोफिजुलनेच गमछा त्यांच्या काखेखालून घातला, काठाला पाय लावला आणि हळूहळू ओढलं. घाईने ओढला असता तर कातडी सोलली असती. त्याने घाई केली नाही. भादुडीबाबू बाहेर आले तेव्हा सदऱ्याची तीन बटणं आत राहिली होती.

त्यांनी धापा टाकत आधी विहिरीकडे पाहिलं, मग वाचकांकडे. "काही हरकत नाही. दुसऱ्या आवृत्तीत विहिरीचं तोंड मोठं करून टाकतो."

"आणि खुनी?" मोफिजुलने विचारलं.

"खुनी तोच. खुनी बदलला तर पुस्तकात उरतं काय?"

मोफिजुलने गमछा झटकून खांद्यावर टाकला. झाकण ओढून विहीर बंद केली.

"पुस्तकातलं संपलं," तो सगळ्यांना म्हणाला. "आता माझ्याकडे खुनी नाही आणि प्रेतही नाही. राजबाडी आहे. बघायची असेल त्यांनी या."

तेवढ्यात बाहेर बसचा भोंगा वाजला. सोबत आणलेल्या आचाऱ्याचा माशाचा झोल, गरम रस्सा, तयार होता. चाळीस माणसं एकदम दाराकडे वळली. सर्वांत पुढे, सदरा मुठीत धरून, भादुडीबाबू.

"केतकी, चल लवकर! काटे काटेच उरतील!"

केतकी जागची हलली नाही. शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. "अगं, बोलावताहेत ना. तुझेच ना ते?"

"बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट लागली होती, एवढंच," केतकी म्हणाली.

मोफिजुल तोवर चौक ओलांडून पलीकडच्या कमानीत पोचला होता, एकटाच. मागे पावलं वाजली म्हणून तो थांबला.

"हे घर बांधलं कुणी हो?" केतकीने विचारलं.

मोफिजुलने कमानीवरच्या नक्षीकडे बोट दाखवलं आणि सनासकट सांगायला सुरुवात केली.