पुलाखालची चव

हातपाय लुळे पडलेले खातूशेठ परदेशातल्या खाटेवर पडून हेमांगीच्या डोक्यात बसवलेल्या यंत्रामुळे तिच्या डोळ्यांनी आपल्या शहरात स्वतः बांधलेले खाडीपूल बघत आणि तिच्याच जिभेने खानावळीतलं चाखत. या कामाचाच तिला पगार मिळे.

"नव्या पुलापाशी मयेकरीण खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं झकास करायची. तिथे ने, पोरी," शेठ तिच्या कानात म्हणाले.

हेमांगी पुलाखाली उतरली. तिथे नुसता खांब होता.

"ती खानावळ या पुलासाठी तुम्हीच पाडलीत, शेठ. मयेकरीण माझी आई. पुन्हा चुलीपुढे बसलीच नाही ती."

शेठ घाईने म्हणाले, "चल, मागे फीर."

तिने खांबाच्या बुडाशी असलेला चिखल मूठभर उचलला आणि तोंडात कोंबला.

"थुंक, पोरी. थुंक ते," शेठ कळवळले.

डोळ्यांत पाणी आलं, तरी हेमांगी सावकाश चावत राहिली.