फलाटावरचा सायकलस्वार

सहादूनाना आजही सायकलवरून उतरले नाहीत. गाडी थांबताच तिघा पासवाल्यांनी त्यांना सायकलसकट उचललं आणि डब्यात ठेवलं. नवरदेवासकट घोडं उचलावं तसं! नाना आत दाराजवळ तसेच सायकलवर बसले, एका हाताने दांडा धरून. हँडलला सुतळीचं बंडल आणि भाकरीचा डबा लटकत होता.

ज्योत्स्ना टीसी हे कौतुक महिनाभर बघत होती. नाशिक रोडला बदली होऊन तिला तेवढेच दिवस झाले होते. सकाळच्या या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. इगतपुरीचे नोकरदार, कॉलेजची पोरं, रिकाम्या किटल्या घेऊन घोटीला परतणारे दूधवाले. त्यात ही सायकल, आणि वर सत्तरीचा म्हातारा. पण कोणी ब्र काढत नसे. उलट सरकून जागा करत.

खरं सांगायचं तर नवल तिलाही वाटायचं. नाना इंदिरानगरहून सायकल मारत यायचे आणि पार्सलच्या फाटकातून थेट फलाटावर शिरायचे. बोचकी, ट्रॉल्या, चहावाले, आईचा हात सोडून पळणारी पोरं, या सगळ्यांतून ते असे वळत यायचे की कोणाच्या पदराला चाक लागत नसे. ना घंटी, ना घाई. पहिल्या दिवशी तर ती हातातली पावती फाडायची विसरून बघतच राहिली होती. इतकी सुंदर सायकल चालवणारा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

पण नियम तो नियम. फलाटावर सायकल चालवायची नाही आणि प्रवाशांच्या डब्यात आणायची तर मुळीच नाही. काल कोणीतरी लेखी तक्रार केली होती. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "उद्या सोक्षमोक्ष लावा. नाहीतर ठपका तुमच्यावर येईल."

ती गर्दीतून वाट काढत नानांपुढे उभी राहिली.

"काका, आधी खाली उतरा. हा रेल्वेचा डबा आहे, जत्रेतला पाळणा नाही."

"पास हाय मॅडम." नानांनी हसून खिशातून पास काढला.

"तो तुमचा. सायकलीचा कुठाय?"

"खिडकीवर इचारलं व्हतं. ते हसले."

डब्यात खसखस पिकली. ज्योत्स्नाला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं.

"रोज जाता कुठे?"

"मळ्यात. टमाटे लावलेत."

"स्टेशनपासून किती लांब?"

"हा काय, रूळ वलांडला की. अर्धा किलोमीटर बी नाय."

"अर्धा किलोमीटर?" आता मात्र तिचं डोकं फिरलं. "एवढ्यासाठी ही सायकल रोज माणसांच्या अंगावर आणता? एवढं तर बालवाडीतलं पोर चालतं!"

"मॅडम, त्याचं काय हाय," मागून रावजी दूधवाला बोलला, "आमच्या नानाला..."

"रावजी, गप!" नानांचा आवाज एकदम चढला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बायको गेल्यापास्नं मला तेवढा मळाच हाय. पोरगा तर म्हनतोच, घरी बसा. सायकल बंद झाली तर माझा मळा बंद झाला. एवढं ध्यानात घ्या."

ज्योत्स्नाला वाईट वाटलं. पण म्हातारी माणसं बोलण्यात गुंडाळतात, हेही तिला नोकरीने शिकवलं होतं.

"मळ्याला कोण नाही म्हणतंय? पायी जा. तब्येतीला बरं."

नानांनी पास परत खिशात ठेवला.

त्यांचं छोटं स्टेशन आलं. पासवाल्यांनी नेहमीसारखी वरात खाली उतरवली. ज्योत्स्नाही मागोमाग उतरली. परतीच्या गाडीला तासभर होता. नानांनी पेडल मारलं, फलाटावर झोपलेल्या कुत्र्याला अलगद वळसा घातला आणि ते सुटलेच.

"थांबा!"

नाना पाटीच्या खांबाजवळ थांबले.

"उतरा खाली."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग खांबाला धरून ते सावकाश उतरले. ज्योत्स्नाने सायकल ताब्यात घेतली.

"चला मास्तरांच्या खोलीत. पुन्हा आणणार नाही असं लिहून द्या आणि सायकल घेऊन जा."

ती सायकल ढकलत निघाली. गाडी हलली. दारातून रावजी हातवारे करत काहीतरी ओरडत होता, पण भोंग्यापुढे त्याचं काही ऐकू आलं नाही.

खोलीच्या दाराशी पोचल्यावर तिने मागे पाहिलं. फलाट रिकामा झाला होता. नाना अजून खांबापाशीच होते. एक पाऊलही हलले नव्हते.

काय ही मुजोरी! एवढ्या वयाचा माणूस, पण हट्ट बघा. तिने सायकल भिंतीला टेकवली आणि तरातरा परत आली.

"काका, ऐकू येत नाही का? या म्हटलं ना मी!"

"येतं की ऐकू."

"मग?"

नानांचा सदरा घामाने भिजला होता. ते मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत होते. उजवी टाच जराशी उचलली गेली, थरथरली आणि होती तिथेच टेकली.

"डॉक्टर बी चक्रावलाय, मॅडम," ते हळूच म्हणाले. "सायकलवर बसवा, पेठचा घाट चढून दावतो. पन जमिनीवर उभं केलं ना, तर दोन वर्सं झाली, हे पाय एक पाऊल टाकीत नाय."